सिरपमुळे मुलांचे दात किडतात का? औषध न थांबवता काय करता येईल

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा. दीड वर्षाचा असताना फिट्स सुरू झाल्या आणि तेव्हापासून सोडियम व्हॅल्प्रोएटचं सिरप दिवसातून दोनदा चालू आहे, त्यातला रात्रीचा डोस झोपवताना. अधूनमधून सर्दी-खोकल्याची सिरपंही होतात. आता वरच्या पुढच्या चार दातांवर हिरडीलगत तपकिरी पट्टा आलाय, एका दाताचा कोपरा तुटलाय. घरातली मोठी माणसं म्हणतात ही औषधांची उष्णता. कुणी म्हणतं औषध बंद करून बघा. कुणी म्हणतं दुधाचेच दात, पडणारच आहेत. यातलं खरं काय, आणि करायचं काय?

सगळ्यात आधी एक गोष्ट. फिटचं औषध स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. व्हॅल्प्रोएट अचानक थांबवलं तर फिट्स उलटून येतात, कधीकधी एकामागून एक अशा की हॉस्पिटल गाठावं लागतं. दातांसाठी तेवढी किंमत मोजायची काहीच गरज नाही, कारण इथे दात बिघडवणारी गोष्ट औषध नव्हे, वेगळीच आहे: ज्या पाकात हे औषध घोळवलंय तो साखरेचा पाक, आणि तो तोंडात जाण्याची वेळ. या दोन्ही गोष्टी बदलता येतात.

उष्णतेचं म्हणाल तर, औषध पोटात जाऊन रक्तातून दातांपर्यंत पोहोचून दात किडवतं असं होत नाही. आलेले दात किडतात ते बाहेरून. औषधामुळे आतून दाताचा रंग बिघडण्याचं खरं उदाहरण म्हणजे टेट्रासायक्लिन गटातली अँटिबायोटिक्स. दात हिरडीच्या आत तयार होत असताना ती दिली तर दात कायमचे पिवळट-राखाडी होतात, म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांना ती शक्यतो टाळतात. पण तो रंगाचा प्रश्न आहे, किडीचा नाही. अमॉक्सिसिलिनने किंवा व्हॅल्प्रोएटने दात ‘ठिसूळ’ होऊन किडले असं कुणी सांगितलं तर त्या बाटलीत आणखी काय आहे ते आधी विचारा.

बाटलीत काय असतं ते पाहू. फार्माकोपियातलं (औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथातलं) साधं सिरप म्हणजे वजनाने ६६.७ टक्के साखर आणि बाकी पाणी. असं नुसतं सिरप ५ मिली घेतलं तर त्यात जवळजवळ साडेचार ग्रॅम साखर, म्हणजे सपाट चमचाभर. प्रत्यक्ष औषधांत हे प्रमाण कमी-जास्त असतं, पण ५ मिलीमागे दोन ते तीन ग्रॅम साखर ही सिरपमध्ये अजिबात नवलाची गोष्ट नाही. साखर घालतात ती केवळ लाडापायी नव्हे. बहुतेक औषधं कडूजहर असतात आणि साखर तो कडूपणा झाकते. इतक्या दाट पाकात जंतू वाढत नाहीत, त्यामुळे औषध टिकतं. पाक दाट असल्याने औषधाचे कण तळाशी चटकन बसत नाहीत. आणि साखर स्वस्त आहे. कारखान्याच्या बाजूने बघितलं तर इतकं सोयीचं दुसरं काही नाही. तोंडाच्या बाजूने बघितलं तर तोच दाटपणा घातक ठरतो, कारण पाक दातांच्या फटींत आणि हिरडीच्या कडेला रेंगाळतो.

दातावरच्या चिकट पांढुरक्या थरात जंतू असतात. साखर मिळाली की ते काही मिनिटांत आम्ल तयार करतात. दाताच्या आवरणाजवळचा पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की आवरणातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर येऊ लागतं. लाळ ते आम्ल धुऊन, मोडून टाकते, पण त्याला अर्धा ते एक तास लागतो; त्यानंतर विरघळलेली खनिजं थोडीफार परत बसतात. म्हणजे दिवसभरात एकूण किती ग्रॅम साखर गेली यापेक्षा ती किती वेळा गेली आणि मध्ये दाताला सावरायला सवड मिळाली का, यावर हिशेब ठरतो. दुधाच्या दातांचं आवरण कायमच्या दातांच्या निम्म्याच्या आसपास जाडीचं असतं, त्यामुळे पांढऱ्या डागापासून खड्ड्यापर्यंतचा प्रवास काही महिन्यांतच होतो.

साखरेचा आणखी एक गुण फारसा बोलला जात नाही. ऊस-साखर म्हणजे सुक्रोज. तिच्यापासून हे जंतू एक चिकट, न विरघळणारं गोंदासारखं द्रव्य बनवतात आणि त्याच्या जोरावर दाताला आणखी घट्ट चिकटतात. म्हणून रोज सिरप घेणाऱ्या मुलांच्या दातांवरचा थर ब्रशलाही दाद देत नाही आणि हिरड्या लालसर, चटकन रक्त येणाऱ्या दिसतात. १९७९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रॉबर्ट्स आणि रॉबर्ट्स यांचा अभ्यास आला होता. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ साखरेची सिरपं घेणाऱ्या लहान मुलांची तुलना त्यात गोळ्या घेणाऱ्या किंवा औषधच न घेणाऱ्या मुलांशी केली होती. सिरपवाल्या मुलांत कीडही जास्त होती आणि हिरड्यांची सूजही. ब्रिटनमध्ये शुगर-फ्री औषधांचा आग्रह धरला गेला त्यात अशा अभ्यासांचा वाटा मोठा आहे.

आता तुमच्या मुलाचं तोंड पाहा. वरचे चार पटाशीचे दात खराब झालेत, खालचे चार बहुधा चांगले असतील. हा योगायोग नाही. खालच्या पुढच्या दातांवर जीभ पसरलेली असते आणि त्यांच्या मागेच लाळेच्या ग्रंथी उघडतात, त्यामुळे ते सतत धुतले जातात. वरच्या पुढच्या दातांपर्यंत लाळ सगळ्यात कमी पोहोचते. त्यानंतर पाळी येते ती वरच्या आणि खालच्या पहिल्या दाढांची. वरचे पुढचे दात खराब आणि खालचे शाबूत हे चित्र रात्री बाटलीने दूध पिणाऱ्या मुलांत दिसतं तसंच रात्री सिरप घेणाऱ्यांतही दिसतं. रात्री बाटलीही चालू असेल तर दोष एकट्या सिरपला देऊ नका, दोन्ही गोष्टी एकमेकींना साथ देतात.

रात्रीच्या डोसचा मुद्दा यातूनच येतो, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. मूल गिळतही कमी. जागेपणी जे आम्ल अर्ध्या-पाऊण तासात निवळलं असतं ते रात्री तासन् तास दातावर बसून राहतं. एकच डोस, तेवढीच साखर. पण जेवताना दिला तर तो जेवणामुळे होणाऱ्या आम्लाच्या हल्ल्यातच मुरतो, आणि ब्रश झाल्यावर अंथरुणात दिला तर रात्रभराचा स्वतंत्र हल्ला होतो.

त्यातच सर्दीची औषधं. क्लोरफेनिरामिन, सायप्रोहेप्टाडिन यांसारखी औषधं लाळ कमी करतात, सेटिरिझिनही थोडीफार करतं. तोंड कोरडं पडलेलं, नाक चोंदल्याने मूल तोंडाने श्वास घेतंय, आणि त्यावर गोड सिरप. भूक वाढवण्याच्या नावाने दिल्या जाणाऱ्या गुलाबी-हिरव्या सिरपांत पुष्कळदा सायप्रोहेप्टाडिनच असतं. ती मुलांच्या दातांच्या वाट्याला महिनोन् महिने येतात आणि बहुतेक वेळा त्यांची गरजच नसते.

सर्दी-खोकल्याच्या सिरपांबद्दल एवढंच सांगतो: लहान मुलांत त्यांचा उपयोग फारसा नाही आणि धोका आहे. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमुळे झालेल्या मुलांच्या मृत्यूंनंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत अशी सूचना दिली. तेव्हा मेडिकलमधून स्वतःच आणलेली खोकल्याची बाटली दातांसाठी म्हणून नव्हे, एकूणच बाजूला ठेवा. वारंवार खोकला, छातीत घरघर असं असेल तर ते दम्याचं लक्षण आहे का ते डॉक्टरांना विचारा. दमा असेल तर साल्ब्युटामॉलच्या सिरपपेक्षा स्पेसर (औषधाचा फवारा धरून ठेवणारी नळी) लावलेला इनहेलर जास्त परिणामकारक असतो, औषधही फारच थोडं लागतं. स्टेरॉइडचा इनहेलर असेल तर प्रत्येक वेळी नंतर चूळ भरायची, लहान असेल तर पाणी पाजायचं. नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

उलट बाजूने घाबरून जायचंही कारण नाही. पाच-सात दिवसांच्या अँटिबायोटिकच्या ड्राय सिरपने, तापातल्या पॅरासिटामॉलच्या चार डोसांनी दात किडत नाहीत. जुलाबात ओआरएस पाजताना त्यातल्या ग्लुकोजचा विचारही मनात आणू नका. त्या ग्लुकोजशिवाय मीठ-पाणी आतड्यातून नीट शोषलं जात नाही. काळजी करायची ती रोजच्या, महिनोन् महिने चालणाऱ्या औषधांची: फिट्स, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार, वारंवार होणारा जंतुसंसर्ग टाळण्यासाठी रोज दिलं जाणारं अँटिबायोटिक, जुनी बद्धकोष्ठता, आणि ‘टॉनिक’ नावाचा तो संपूर्ण खण. हृदयविकाराच्या मुलांत तर तोंडातला जंतुसंसर्ग रक्तातून हृदयाच्या झडपांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून त्यांच्या बाबतीत ढिलाई नकोच.

आणि औषध म्हटलं की फक्त ॲलोपॅथीच्या बाटल्या मोजू नका. होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोळ्या साखरेच्याच असतात आणि त्या चघळून, दिवसातून चार-पाच वेळा देतात. किडीच्या दृष्टीने हा वारंवारपणा सिरपच्या दोन डोसांपेक्षा वाईट. सितोपलादी चूर्णाच्या मूळ कृतीत ३१ भागांपैकी १६ भाग खडीसाखर असते, आणि ते आपण मधातून चाटवतो, तेही बहुतेक झोपताना. मधही जंतूंच्या दृष्टीने साखरच आहे. (वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच नको, त्यात बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा धोका असतो. बाळगुटी उगाळताना मधाचं बोट लावायची पद्धत म्हणून सोडायला हवी.) चोखणीला मध किंवा ग्राइप वॉटर लावून देणं हा तर दात येत असलेल्या बाळासाठी सगळ्यात वाईट प्रकार.

आता लेबल. आपल्याकडच्या बाटलीवर औषधाखेरीजचा प्रत्येक घटक छापलेला असतोच असं नाही, पण एक ओळ हमखास शोधा. घटकांच्या यादीच्या शेवटी ‘फ्लेवर्ड सिरपी बेस’ असं असेल तर तो साखरेचा पाक आहे असं धरून चाला. ‘शुगर फ्री’ किंवा ‘नॉन-सुक्रोज बेस’ लिहिलं असेल तर सुक्रोज नाही. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल, सुक्रालोज, सॅकरिन ही नावं दिसली तर दातांच्या दृष्टीने ठीक. डेक्स्ट्रोज, ग्लुकोज, लिक्विड ग्लुकोज, फ्रुक्टोज, मध ही मात्र नावं बदललेली साखरच. सॉर्बिटॉल जास्त झालं तर पोट गुडगुडतं, जुलाब होतात. एक-दोन डोसांना काही होत नाही, पण तीन-चार वेगवेगळी शुगर-फ्री सिरपं एकाच वेळी चालू असतील तर जुलाबांचं कारण तिथेही शोधा. फ्रुक्टोज न पचण्याचा जन्मजात आजार असलेल्या मुलांना सॉर्बिटॉलही चालत नाही आणि फिनाइलकिटोन्युरियाच्या मुलांना ॲस्पार्टेम चालत नाही. हे आजार विरळा आहेत, पण ज्यांच्या घरी आहेत त्यांना हे माहीत हवं. फिट्ससाठी किटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी कर्बोदकांच्या) आहारावर असलेल्या मुलांच्या पालकांनी तर सिरपमधली साखरही दिवसाच्या कर्बोदकांत मोजायची असते, कारण तेवढ्यानेही किटोन्स, म्हणजे ज्यांच्यासाठी हा आहार देतात ती रक्तातली द्रव्यं, घसरू शकतात.

‘शुगर फ्री’ म्हणजे दातांना पूर्ण निर्धोक, असं मात्र नाही. चवीसाठी आणि औषध टिकावं म्हणून बऱ्याच द्रव औषधांत सायट्रिक ॲसिड असतं. जंतूंची मदत नसतानाही ते आवरण मऊ करतं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या आणि चघळायच्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या याच प्रकारात येतात. म्हणून आंबट लागणारं औषध घेतल्यावर लगेच घासू नये, आधी पाणी पाजावं आणि अर्ध्या तासाने ब्रश करावा.

डॉक्टरांकडे जाताना नेमकं काय विचारायचं ते सांगतो, कारण ‘सिरपने दात किडले, काहीतरी करा’ एवढ्याने काम होत नाही. विचारा की हेच औषध साखर नसलेल्या द्रवात मिळतं का. जास्त तीव्रतेचं, म्हणजे कमी मिलीत बसणारं मिळतं का. पाण्यात विरघळणारी गोळी आहे का. आणि वेळ जेवणाशी जोडता येईल का. तीव्रतेचा मुद्दा पॅरासिटामॉलवरून लगेच कळेल. १२ किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅमने १८० मिलिग्रॅम लागतात. १२० मिलिग्रॅम प्रति ५ मिलीच्या बाटलीतून ते ७.५ मिली होतात, २५० प्रति ५ मिलीच्या बाटलीतून ३.६ मिली. औषध तेवढंच, पाक निम्मा. पण दोन्ही बाटल्या घरात एकत्र ठेवू नका. जास्त तीव्रतेच्या बाटलीतून चुकून साडेसात मिली दिले की डोस दुपटीहून जास्त होतो. अशा गोंधळातून यकृतावर बेतू शकतं.

व्हॅल्प्रोएटच्या बाबतीत दोन अडचणी आहेत. त्याच्या गोळ्यांना आतड्यात विरघळणारं कवच असतं किंवा त्या हळूहळू औषध सोडणाऱ्या असतात. नावापुढे क्रोनो, सीआर, ईआर, एसआर असं काही दिसेल. अशा गोळ्या कुटून किंवा चावून देता येत नाहीत: एक तर औषध एकदम सुटतं, दुसरं म्हणजे पोट बिघडतं. साडेतीन वर्षांचं मूल ती अख्खी गिळणार नाही. पाच-सहा वर्षांनंतर गिळण्याचा सराव करता येतो, ताठ बसवून, शिजवलेल्या साबुदाण्याच्या एका दाण्यापासून सुरुवात करून, पाण्याच्या घोटाबरोबर. दुसरी अडचण ब्रँडची. फिटच्या औषधात कंपनी बदलली तर रक्तातलं प्रमाण किंचित बदलू शकतं. त्यामुळे मेडिकलवाल्याने ‘हे घ्या, शुगर फ्री आहे’ म्हणून काउंटरवरच बाटली बदलून दिली तर घेऊ नका. बदल न्यूरॉलॉजिस्टच्या चिठ्ठीवरच व्हायला हवा. वेळेचं मात्र सोपं आहे. व्हॅल्प्रोएट जेवणाबरोबर दिलं तर पोटालाही बरं पडतं. सकाळी आठला नाश्त्याबरोबर आणि रात्री आठला जेवणाबरोबर असं बारा तासांचं अंतर साधलं की झोपेच्या वेळचा डोस आपोआप सुटतो. तरीही वेळ सरकवण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. नऊचा डोस आठवर आणणं आणि साडेदहाचा आठवर आणणं यात फरक आहे.

डोस देण्याची पद्धतही सुधारता येते. बाटली हलवून घ्या. घरातला चमचा वापरू नका. एका घरातला चहाचा चमचा ३ मिलीचा असतो, दुसऱ्या घरातला ६ चा. औषधाची तोंडी सिरिंज केमिस्टकडे मिळते. मुलाला ताठ बसवा, सिरिंजचं टोक गालाच्या आतून मागच्या दाढांच्या पलीकडे न्या आणि एका वेळी अर्धा ते एक मिली जिभेच्या मागच्या भागावर सोडा, मध्ये गिळू द्या. समोरून चमच्याने ओतलं की मूल ओठ आवळतं आणि पाक वरच्या पटाशीच्या दातांवरून ओघळतो, म्हणजे नेमका नको तिथून. जोरात फवारा मारू नका, ठसका लागतो. झोपलेल्या मुलाच्या तोंडात औषध कधीही सोडू नका.

डोस झाला की दोन-तीन घोट पाणी. एवढीच एक सवय लागली तरी बराच फरक पडतो, कारण तोंडातला पाक दाट असला तरी पाण्यात सहज विरघळतो. चूळ भरता येत असेल तर चूळ. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी नको, त्याला अंगावर पाजलं तरी चालतं, आणि ओल्या मलमलच्या फडक्याने हिरडी पुसून घ्यायची. ‘औषध घेतलंस की चॉकलेट’ हे आमिष बंद करा. त्यापेक्षा डोसाच्या आधी जिभेवर बर्फाचं पाणी दिलं तर चव बोथट होते. औषध दुधाच्या बाटलीत मिसळू नका. अर्धं दूध उरलं तर डोस किती गेला कळत नाही आणि उरलेला पाक निपलमधून तासभर ठिबकत राहतो.

रात्रीचा क्रम असा ठेवा: जेवण, डोस, पाणी, थोड्या वेळाने ब्रश, आणि त्यानंतर पाण्याखेरीज काहीही नाही. मध्यरात्री तापाचं औषध द्यावंच लागलं तर उठवून, बसवून, डोस आणि मग पाणी. तेव्हा ब्रशचा आग्रह धरायची गरज नाही, ओल्या फडक्याने पुढचे दात पुसले तरी पुष्कळ झालं.

ब्रश तुम्ही स्वतः करायचा, मुलाच्या हातात देऊन मोकळं व्हायचं नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला तेवढं वळण नसतं. मुलाचं डोकं मांडीवर घेऊन, वरचा ओठ बोटाने उचलून, हिरडी आणि दात जिथे भेटतात त्या रेषेवर ब्रश फिरवा. पेस्ट फ्लोराइडची हवी. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टमध्ये बऱ्याचदा फ्लोराइड नसतं किंवा ५०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५०० भाग) आसपास असतं. रोज सिरप घेणाऱ्या मुलाला १००० पीपीएम हवं. आपल्याकडे पेस्टमध्ये कायद्याने तेवढीच कमाल मर्यादा आहे. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी. तांदळाच्या दाण्याएवढ्या पेस्टमध्ये फ्लोराइड साधारण ०.१ मिलिग्रॅम असतं, गिळलं तरी त्रास होण्याइतकं नाही. घासल्यावर थुंकायचं, पण चूळ भरून सगळं धुऊन टाकायचं नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड भागातल्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, म्हणजे लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर, तिथे पाण्याची तपासणी करून पेस्टबद्दल दंतवैद्याचं मत घ्या.

महिन्यातून एकदा ओठ उचलून बघा. आधी दात कापसाने कोरडे करा, मग मोबाइलचा टॉर्च मारा. ओल्या दातावर पहिला डाग दिसत नाही. वाळल्यावर हिरडीलगत खडूसारखी मंद पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी, आणि इथून दात परत फिरू शकतो. पांढऱ्याचं पिवळं-तपकिरी झालं आणि कड खडबडीत लागू लागली की दात आपणहून भरून येत नाही. लोहाच्या औषधाचे काळे डाग मात्र वेगळे ओळखा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना अंगणवाडी-आशामार्फत आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप दिलं जातं, त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. त्याने दात काळे दिसतात, पण पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि दवाखान्यात पॉलिश केलं की डाग जातात. त्यासाठी लोह बंद करू नका.

तुमच्या मुलाच्या दातांचं आत्ता काय? पडणारच आहेत म्हणून सोडून देता येणार नाहीत. वरचे पुढचे दात सहा ते साडेसातच्या सुमारास पडतात, म्हणजे अजून तीन-चार वर्षं काढायची आहेत. दाढा तर दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. ज्या दातांवर नुसता पांढरा डाग आहे त्यांना ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश दर तीन महिन्यांनी लावून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. तपकिरी आणि मऊ झालेल्या जागी ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावलं की कीड बऱ्याचदा तिथेच थांबते. डाग मात्र कायमचा काळा पडतो, हे आधी समजून घेऊन मग हो म्हणा. दाढांत खड्डे असतील तर स्टीलची तयार टोपी बसवतात. हॉल पद्धतीत ती इंजेक्शन आणि ड्रिलशिवाय बसते, लहान मुलांसाठी हा मोठा फायदा. हिरडीवर पुटकुळी, पू, गालावर सूज असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. खासगी खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. अंगणवाडी-शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडूनही पुढे पाठवणी होऊ शकते.

दंतवैद्याकडे जाताना औषधाची बाटली, न्यूरॉलॉजिस्टची फाइल आणि शेवटची रक्त तपासणी बरोबर न्या. व्हॅल्प्रोएटने काही मुलांत प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी होतात. दात काढायचा ठरला तर त्याआधी प्लेटलेट्सची ताजी तपासणी हवी, आणि त्या दिवशी सकाळचा फिटचा डोस नेहमीच्याच वेळी गेलेला हवा. पूर्ण भूल द्यायची असेल आणि उपाशी ठेवायचं असेल तर तो डोस कधी आणि कसा द्यायचा हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा.